पाहुण्यांना दाखवायचं वावर

माझं काम थोडक्यात सांगायचं तर शेतकऱ्यांना काही गोष्टी करू नका म्हणून सांगणं. पऱ्हाटी पेटवू नका. दरवर्षी नांगरू नका. युरिया मूठ मोकळी सोडून फेकू नका. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, झाड तोडू नका. 'हे करा, ते करा' सांगणारे गावात पुष्कळ येतात, कोणी बियाणं घेऊन, कोणी औषधाचे डबे घेऊन, आणि त्यांना चहा मिळतो. 'करू नका' सांगणारी बाई स्कूटीवरून उतरली की पारावरची माणसं एकेक करून उठायला लागतात. कोणाला म्हैस आठवते, कोणाला बँकेतलं काम.

अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतल्या गावांत मी वीसेक वर्षं हे काम करते आहे. संस्था लहान आहे, पगार बेताचा आहे आणि स्कूटी तिसरी आहे. मला याद्या करायची सवय आहे. कोणत्या गावात कोणाकडे जायचं, कोणाशी काय बोलायचं, कोणाकडे काय अजिबात बोलायचं नाही, हे सगळं आदल्या दिवशी कागदावर असतं. त्यामुळे काम वेळेवर होतं. माणसं मात्र यादीत लिहिल्याप्रमाणे वागत नाहीत, आणि दिवाळी अंकात लिहिण्यासारखं जे काही आहे ते त्यातूनच निघतं.

शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी आधी थोडं सांगते. कापूस वेचून झाला की वावरात, म्हणजे शेतात, कपाशीची वाळलेली झाडं उरतात, कंबरभर उंच. तीच पऱ्हाटी. थोडी चुलीसाठी घरी जाते आणि बाकीची ढीग लावून पेटवतात. मार्च-एप्रिलमध्ये भातकुलीकडून दर्यापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना धूर दिसतो. त्यानंतर नांगर, त्यानंतर ढेकळं फोडायला वखर, आणि मग ते वावर चाळलेल्या पिठासारखं मऊ, काळंभोर पसरतं. दिसायला फार सुंदर दिसतं. मलाही ते आवडतं, हे मी सभेत सांगत नाही.

अडचण अशी आहे की पिकानं वर्षभर हवेतून ओढून अंगात साठवलेला कार्बन आपण एका काडीनं परत हवेत सोडून देतो. मातीत जो थोडा मुरलेला असतो तो दरवर्षी खोल नांगरून वर आणतो आणि उन्हाबरोबर तोही जातो. एका शेतकऱ्याच्या दोन एकरांनी आभाळ तापत नाही. पण सगळ्यांच्या दोन-दोन एकरांचा हिशेब वेगळा होतो, आणि आभाळ तापल्याची पहिली झळ आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखालाच बसते. त्यातून भातकुलीकडचा भाग खारपाण पट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारट, पिकाला देता येत नाही. पडेल त्या पावसावरच सगळं. म्हणून आम्ही सांगतो, पऱ्हाटीचे यंत्रानं तुकडे करा, वावरातच पसरा, नांगर घालू नका, गादीवाफे तेच ठेवा आणि पाऊस आला की त्याच वाफ्यांवर टोकण करा, म्हणजे एकेक बी टोचून लावा. माती झाकलेली राहते, ओल धरते आणि कार्बन आत राहतो.

ऐकायला सोपं आहे. अचलपूरकडच्या एका सभेत मी हे सगळं चित्रं लावून सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "पऱ्हाटी सारी वावरात टाका म्हन्ता. मंग चुलीत काय तुमचे हे कागद टाकू?" तेव्हापासून मी आधी चुलीपुरती पऱ्हाटी बाजूला काढायला सांगते आणि मग मातीचं बोलते. एका आजोबांनी पूर्ण तासभर शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "कार्बन म्हंजे काजयीच ना? मंग मी काजयी वावरात साठवू अन् तिकडे शयरातली लोकं गाड्या उडवतीन, असंच ना?" मी म्हटलं, "थोडंफार तसंच." ते खूष झाले. खरं बोलल्याबद्दल त्यांनी मला वांगी दिली. वावर मात्र नांगरलं.

पण चूल आणि काजळी या खऱ्या अडचणी नव्हेतच. खरी अडचण अशी की आमच्याकडे वावराला अब्रू असते. वखरून स्वच्छ केलेलं वावर म्हणजे कामसू घर. काडीकचरा पडलेलं वावर म्हणजे आळशाचं, नाहीतर ज्याच्या घरात करणारं कोणी उरलं नाही त्याचं. मी लोकांना जे करायला सांगते ते नेमकं आळशाच्या वावरासारखं दिसतं. हे माझ्या कोणत्याही चित्रात नव्हतं. ते मला सुधाकररावांच्या घरानं नीट समजावलं.

सुधाकरराव भातकुली तालुक्यातल्या एका लहान गावातले. पाच एकर जमीन. त्यातली तीन एकर नाल्यापलीकडे, जिथे पावसाळ्यात जाता येत नाही आणि उन्हाळ्यात कोणी जात नाही. उरलेली दोन एकर डांबरी रस्त्याला लागून. त्यांचा मुलगा प्रफुल्ल शेती पाहतो. चार वर्षांपूर्वी मी त्याच्याच वावराची निवड केली, कारण ते रस्त्यावर होतं. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनी पाहावं असा माझा हेतू. तो सफल झाला. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे हसले.

पहिल्या वर्षी पीक जेमतेम आलं, दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांइतकं, तिसऱ्या वर्षी पावसानं मध्येच दडी मारली तेव्हा थोडं बरं. चमत्कार वगैरे काही नाही. या कामात चमत्कार होत नाहीत, हेही मी सभेत सांगते आणि त्यामुळे सभा लवकर संपते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका सकाळी प्रफुल्लच्या आईचा, नलूबाईंचा, फोन आला. "ताई, आज येऊन जा. वावरात ट्रॅक्टर आणून राहिले. मांगून म्हनसान, सांगतलं नाही म्हनून."

मी पोचले तेव्हा नांगर लावलेला ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा होता. ड्रायव्हर तंबाखूचा खर्रा चोळत बसला होता. सुधाकरराव डोक्याला दुपट्टा बांधून उभे, नलूबाई बाभळीच्या सावलीत, आणि प्रफुल्ल नांगराच्या बरोबर पुढे, वावरात, पऱ्हाटीच्या तुकड्यांवर पाय रोवून.

"येत्या रविवारी पाहुने येऊन राहिले. हिवरखेडचे," सुधाकरराव मला म्हणाले. "घर पाहतीन, मंग वावर पाहतीन. हे दाखवू काय त्यायले?"

शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड झालंय, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. प्रफुल्लला तेहतिसावं लागलं होतं. नोकरीवाल्यांकडे स्थळांची रांग आणि शेती करणाऱ्याकडे वर्षात एखादा पाहुणा. तोही आधी घर-वावर पाहणार आणि मग मुलीचं बोलणार.

नलूबाई पुढे आल्या. "ताई, मी तुमचं तीन साल आयकलं. सभेले आली, फोटोत उभी रायली. पन मागचे दोन पाहुने हेच वावर पाहून वापस गेले. एकानं तं तोंडावर इचारलं, घरात कोनी कामाचं मानूस नाही काय म्हनून."

"ते वावरामुळेच परत गेले, असं नक्की कशावरून?" मी विचारलं.

"मंग कायच्यानं गेले? पोरगा लंगडा हाय का आंधया हाय?"

मे महिन्यात त्या वावरातले मातीचे नमुने तपासायला जाणार होते. गावातला दाखवण्यासारखा माझा तो एकच तुकडा. एकदा नांगर फिरला की तीन वर्षं मातीत मुरवलेलं सगळं वर येणार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण समोर एक आई उभी होती. मी म्हणाले, "सुधाकरराव, नांगरा. लग्नाच्या आड माझी माती मी आणणार नाही."

"तुमी हो म्हनू नका मॅडम," प्रफुल्ल म्हणाला. एरवी मला बघितलं की उठून खुर्ची देणारा मुलगा. "वावर तुमचं नाही. पहिल्या साली तुमी सांगतलं म्हनून केलं. आता तुमी नाही म्हटलं तरी मी हेच करीन."

"अन् लगन?" सुधाकरराव ओरडले. "पऱ्हाटीसंग लावतं काय?"

"जे वावर मी करतो थे दाखवा. नसन पटत त्यायले तं नाही पटत."

माझ्या कामात ज्याला यश म्हणतात ते याहून मोठं नसतं. सांगणारी माघार घेते आणि ऐकणारा घेत नाही. पण त्या वेळी मला आनंद वगैरे काही झाला नाही, कारण नलूबाई डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या.

ड्रायव्हरनं खर्रा तोंडात टाकला. "काकाजी, नांगरू का जाऊ? मले दुसरीकडे जा लागते."

सुधाकरराव धुऱ्यापलीकडे पाहत होते. पलीकडचं वावर त्यांच्या चुलतभावाचं, दिवाकरभाऊंचं. दोनच दिवसांपूर्वी वखरलेलं, काळंशार. त्यावर पडलेलं एखादं पान असेल तर दिवाकरभाऊ ते उचलून खिशात घालतील, असं गावात म्हणतात. सुधाकररावांनी ट्रॅक्टरला हातानं जायची खूण केली. त्यांच्या मनात काय आलं होतं ते मला रविवारी कळलं.

रविवारी मी नलूबाईंच्या आग्रहावरून गेले. "तुमी असल्या म्हंजे जराक बरं वाटते," असं म्हणाल्या होत्या. घरी आधी थंडगार सरबत झालं आणि मग आम्ही वावराकडे निघालो, पाहुणे त्यांच्या गाडीतून पुढे आणि आम्ही पायी मागून. मुलीचे वडील रामदासजी, पांढरी टोपी, भरघोस मिशा, हिवरखेडला भाजीपाला आणि फुलांची शेती. बरोबर मुलीचा मामा. आमच्या बाजूनं सुधाकरराव, दिवाकरभाऊ, प्रफुल्ल आणि मी. नलूबाई पोहे करायला घरीच थांबल्या.

रस्त्यावर सुधाकरराव माझ्या बाजूला आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, आज दिवाकरचं वावर थे आपलं समजा."

मी चालताचालता थांबले. "सुधाकरराव, मला विचारलं तर मी खरं सांगेन."

"मंग इचारायचीच वेळ येऊ देऊ नका. तुमी रस्त्यावरच थांबा. ऊन लय हाय."

मी रस्त्यावर थांबले नाही, मागून गेले. दिवाकरभाऊंच्या वावरात सगळे उभे राहिले. रामदासजींनी वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली. "झकास वखरलं हाये," ते म्हणाले. दिवाकरभाऊंना स्वतःची स्तुती ऐकून राहवेना. ते म्हणाले, "वखराच्या दोन पायी मारल्या." सुधाकररावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी लगेच पुढे जोडलं, "म्हंजे यायनं मारल्या."

प्रफुल्ल एका बाजूला उभा होता. घरून निघताना त्याला काही सांगितलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

मामांची नजर धुऱ्यापलीकडे गेली. तिथे पऱ्हाटीचे तुकडे, गेल्या पिकाची खुंटं, मध्येच हिरवं गवत. मामा हसले. "अन् हे कचऱ्याचं वावर कोनाचं हो? मानूस मेला का गाव सोडून गेला?"

"हाये एकाचं," सुधाकरराव म्हणाले. "बाहेरगावी रायते तो."

"माह्यं हाये," प्रफुल्ल म्हणाला.

रामदासजींना वाटलं तो थट्टा करतोय. ते हसले. "काय?"

"थे वावर माह्यं हाये. तुमी ज्यात उभे हा, थे दिवाकरकाकाचं."

रामदासजींनी हातातली माती खाली टाकली, हात झटकले आणि टोपी नीट केली. "चाला," एवढंच ते मेहुण्याला म्हणाले. दोघं गाडीत बसले. गाडी घराकडे वळलीच नाही, सरळ दर्यापूरच्या रस्त्याला लागली.

घरी परातभर पोहे तयार होते. आम्ही चौघं दारातून आत आलो, मागे कोणी नाही, हे पाहून नलूबाईंनी परात झाकून ठेवली. सुधाकरराव ओट्यावर बसले आणि मुलाला म्हणाले, "बापाले चार मानसांत खोटं पाडलं तू."

"बाबा, वावर मी करतो. बाहेरगावी रायते तो, म्हनत होते तुमी."

एवढंच बोलणं झालं आणि पुढचे कित्येक दिवस तेवढंही नाही. गावाला सगळी हकीकत कळली, कारण दिवाकरभाऊ होते. पोरं रस्त्यानं जाताना ओरडायची, "काय हरिश्चंद्र, नांगरलं काय वावर?" प्रफुल्ल हात वर करून पुढे जायचा. मी त्या गावात गेले की नलूबाई चहा द्यायच्या, पण समोर बसायच्या नाहीत. त्यांचं चुकत नव्हतं. माझ्या यादीतल्या एका वावरासाठी त्यांच्या घरातलं बोलणं बंद झालं होतं. आजवर मी किती तरी वावरं परत नांगरताना, परत पेटताना पाहिली होती आणि दर वेळी मनातल्या मनात त्या शेतकऱ्याला नावं ठेवली होती. त्यांतल्या किती जणांच्या घरी असा एखादा रविवार येऊन गेला असेल, हे आता कळायचा मार्ग नाही.

मेच्या शेवटी मी नमुने घ्यायला गेले. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून सकाळीच. प्रफुल्ल खड्डे करून देत होता, मी पिशव्या भरत होते. रस्त्यावर एसटी थांबली आणि दोघी जणी उतरल्या. एक वयस्कर, हातात छत्री. दुसरी तरुण, पंजाबी ड्रेस, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी. त्या सरळ आमच्याकडे आल्या.

"प्रफुल्ल तुमीच ना?" तरुणीनं विचारलं. "मी रोशनी. हिवरखेडची. हे माही आई."

प्रफुल्लच्या हातातली कुदळ तशीच राहिली. मी नलूबाईंना फोन केला. सुधाकरराव आणि त्या धावत आले, नलूबाईंचे हात पिठाचे तसेच.

"बाई, घरी चाला, पोहे टाकतो," नलूबाई म्हणाल्या.

"काकू, पोहे मंग. मले वावर पाहायचं हाय. त्या दिवशी बाबाले तुमचं दाखवलंच नाही ना."

सुधाकरराव खाली पाहू लागले. मुलगी वावर पाहायला स्वतः येते, हे आमच्याकडे पाहिलेलं नव्हतं. रोशनीच्या आईनं छत्री उघडली आणि आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "यिचा बाप घरी येऊन निरा बोंबलत होता. पोरगं येडं हाये, बापाले खोटं पाडते, म्हने. हे पोरगी आयकून घेत होती. मंग म्हने, आजपर्यंत आलेल्यायपैकी एक तरी खरं बोलला."

"मांगच्या स्थळवाल्यायनं दुसऱ्याचं ट्रॅक्टर अंगनात लावलं होतं," रोशनी म्हणाली. "तेव्हा बाबाले थे चाललं होतं." मग ती वावरात शिरली. पायानं पऱ्हाटीचे तुकडे बाजूला केले, खालची माती पाहिली. प्रफुल्लला एकामागून एक प्रश्न विचारले. वाफे कधीचे, टोकण हातानं का यंत्रानं, पाऊस जास्त झाला तर पाणी कुठून निघतं. तो उत्तरं देत गेला. पहिल्यांदाच त्याला कोणी न हसता विचारत होतं, आणि तो इतका रंगला की नमुन्याच्या पिशवीवर पाय देऊन उभा राहिला.

"नांगरत नाही, वखरत नाही, डवरत नाही," रोशनी म्हणाली. "मंग गवत तं येतच असन. थे कोन काढते?"

"बाया," प्रफुल्ल म्हणाला.

"कोन बाया?"

"मजूर. अन् आई."

"मीच असतो मंधात," नलूबाई म्हणाल्या. "मजूर कुठी भेटते आता."

"अन् तुमी?" रोशनीनं प्रफुल्लला विचारलं.

"मी फवारनी... यंत्र... बाकीचं."

"म्हंजे नांगराचं काम वाचलं तुमचं, अन् निंदन वाढलं आईचं."

निंदण म्हणजे खाली बसून विळ्यानं गवत काढणं. वऱ्हाडात ते बायकांचं काम. पुरुष नांगरेल, बैलांच्या डवऱ्यानं ओळींमधलं गवत काढेल, फवारेल, पण निंदायला बसणार नाही. बसला तर गाव बोलेल. नांगरणी थांबवली की पहिली काही वर्षं गवत जास्त येतं आणि ते कोणाच्या कमरेवर पडतं, हे मी प्रत्येक सभेत सांगत आले आहे. बायका मान हलवतात आणि पुरुष घड्याळ पाहतात. तेच वाक्य लग्नाच्या मुलीच्या तोंडून आलं तेव्हा मात्र दोन्ही पुरुष कान देऊन ऐकत होते.

"आयका," नलूबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या. "आयका जराक."

"मी निंदीन," प्रफुल्ल म्हणाला.

"खाली बसून?"

"खाली बसून."

"लोकं हासतीन."

"हासूनच राहिले ते. अजून किती हासतीन?"

रोशनीला हसू आलं, पण तिनं ते आईच्या छत्रीआड घेतलं.

सुधाकररावांना हे पटलं नव्हतं. "आमच्या घरात मानसं निंदत नाहीत, बाई. वखरून टाकू ना सारं. पाहा, दिवाकरचं कसं दिसते."

"काकाजी, दिवाकरकाकाचं वावर चांगलंच दिसते," रोशनी म्हणाली. "पन मले तेथं नांदायचं नाही."

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी घरी जाऊन पोहे खाल्ले. मी माझ्या उरलेल्या पिशव्या दुपारी भरल्या, ऊन डोक्यावर घेऊन. वेळापत्रक बिघडलं याची मला चीड येते. त्या दिवशी आली नाही.

रामदासजी आठ-दहा दिवसांनी आले. राग पूर्ण गेला नव्हता, पण मुलीची पत्रिका खिशात होती. निघताना प्रफुल्लच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जवाई खोटं बोलत नाही हे बरं हाये. पन जराक हयू बोलत जा." लग्न पेरणीच्या आधी झालं. दिवाकरभाऊ वरातीत सगळ्यात पुढे नाचले.

नमुन्यांचे आकडे मी इथे देत नाही. सुधारणा आहे, पण सावकाश आहे. मातीला घाई नसते, घाई आम्हाला अहवालाची असते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात प्रफुल्ल खरंच निंदायला बसला. पहिले काही दिवस पोरं रस्त्यावर गाड्या थांबवून पाहायची, फोटो काढायची. मग डवरणी-फवारणीची कामं सुरू झाली आणि पाहणाऱ्यांना वेळ उरला नाही. रोशनीनं वाफ्यांच्या मधल्या पट्ट्यासाठी गवत कापायचं यंत्र आणायला लावलं. झाडाजवळचं गवत हातानंच काढावं लागतं. ते दोघं मिळून काढतात. नलूबाईंची कंबर बरी आहे. चहा देताना त्या आता समोर बसतात आणि मला ऐकवतात, कोणत्या गावच्या सभेत मी काय सांगायला हवं ते.

यंदाच्या एप्रिलमध्ये मी तिथून जात होते. दिवाकरभाऊंचं वावर नेहमीसारखं काळंभोर. फक्त धुऱ्याच्या कडेनं चार तासं, म्हणजे चार ओळी, तशाच ठेवलेल्या, पऱ्हाटीचे तुकडे पसरून. मी स्कूटी थांबवून विचारलं, "दिवाकरभाऊ, हे काय?"

"कोठी काय? थे होय? ट्रॅक्टरले वळन भेटलं नाही ना."

"आणि पऱ्हाटीचे तुकडे?"

"उडून आले असतीन. प्रफुल्लकडून. हवा हाये ना."

मी बरं म्हटलं. वीस वर्षांत एक गोष्ट शिकले आहे. माझं म्हणणं पटलं असं कोणी मला सांगत नाही, सांगणारही नाही. वळण मिळत नाही, हवा सुटते, डिझेल संपतं, आणि गावात थोडी थोडी माती झाकली जाते. मला तेवढं पुरतं.

याच जुलैमधली गोष्ट. पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती. मी दुपारी भातकुलीहून परतत होते. रस्त्यालगतच्या त्या वावरात सोयाबीन गुडघ्याशी आलेलं आणि तिघं जण ओळीनं खाली बसून निंदत होते. रोशनी, प्रफुल्ल आणि तिसरं एक माणूस. धोतर वर खोचलेलं, दुपट्टा डोक्यावरून असा ओढून घेतलेला की फक्त डोळे उघडे. उन्हासाठी कोणी एवढं झाकून घेत नाही. रस्त्यावर गाडी वाजली की ते माणूस रस्त्याकडे पाठ करायचं आणि गाडी गेली की परत विळा चालवायला लागायचं. हात सराईत नव्हता, पण गवत मुळापासून निघत होतं.

मी स्कूटी धुऱ्याला लावली. "राम राम, सुधाकरराव," मी म्हणाले.

रोशनीनं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते.

दुपट्ट्याच्या आतून, वर न बघता, उत्तर आलं, "सुधाकरराव घरी हायेत."